कळलं, ऐकलं, वाटतं

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर वाचण्याचा पगार घेतला. घरात कुणी सकाळी पेपर उघडून बसलं की त्याला आपण आळशी म्हणतो. दोहात मला त्याच कामासाठी गाडी न्यायला यायची. आमच्या नातीला हे अजून पटलेलं नाही. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "आजी, यू वर अ स्पाय," असं ती मैत्रिणींसमोर ठोकून देते. मी म्हणते, बाई, हेर असते तर कुणी निदान काळा गॉगल तरी दिला असता. मला मिळाला तो वाचायचा चष्मा, आणि त्याचा नंबर वाढतच गेला.

कंपनी खासगी होती. काही सरकारी कचेऱ्या, काही मोठ्या कंपन्या आमच्या ग्राहक. पहाटेपासून देशोदेशीचे पेपर वाचायचे आणि साहेबलोक खुर्चीत बसायच्या आत त्यांच्या टेबलावर दोन पानांचा सारांश ठेवायचा, एवढंच काम. माझ्याकडे मराठी, हिंदी आणि उर्दू. उर्दू कशी, तर माझे वडील मालेगावात मास्तर होते आणि लहानपणी मला शेजारच्या खालांकडे भरतकाम शिकायला धाडायचे. भरतकाम आलं नाही, लिपी आली. पुढे लग्न होऊन नाशिकला गेले, आणि यजमानांना इथे गॅसच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून दोहात आले, तेव्हा त्या लिपीने मला पोसलं. भरतकामाने पोसलं असतं असं वाटत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेपर वाचणं म्हणजे मथळे वाचणं. मथळे कुणीही वाचतं. आम्ही वाचायचो ते आतलं पान: 'आमच्या वार्ताहराकडून' म्हणत कोपऱ्यात ढकललेल्या चार ओळी, निधनवार्ता, बदल्या-बढत्या, कुणाच्या सत्काराला कोण आलं नाही. आणि जे वाचलं ते लिहिताना एक नियम होता. तो आमच्या पहिल्या साहेबांनी घातलेला. ते बैरूतचे म्हातारे पत्रकार, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. सारांशातल्या प्रत्येक बातमीच्या डोक्यावर तीनपैकी एक शब्द हवाच. इंग्रजीत आणि अरबीत त्याचे रीतसर शब्द होते, मी मनात मराठीतच म्हणायचे: कळलं, ऐकलं, वाटतं. कळलं म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांकडून आलेलं. ऐकलं म्हणजे एकाच तोंडून आलेलं. वाटतं म्हणजे आपलं स्वतःचं डोकं, आणि त्याखाली आपलं नाव. ज्या बातमीला टोपी नाही ती उस्ताद परत पाठवायचे.

माझ्याकडे आणखी एक खातं होतं. आम्ही त्याला गमतीने 'कपडेपट' म्हणायचो. आशिया-आफ्रिकेत कुठला लष्करी अधिकारी गणवेश उतरवून मुलकी खुर्चीत बसला, याची नोंद ठेवायची. काम कधी कमी पडलं नाही. सेनापती निवृत्त व्हायचे, हारतुरे, भाषणं व्हायची आणि पुढच्याच आठवड्यात ते मुलकी गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख म्हणून सुटाबुटात हजर. मग राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार. मग मंत्री. मग सल्लागार नेमायची वेळ त्यांच्यावरच यायची. ज्याच्या हातात बंदुका होत्या त्याच्याच हातात बातम्याही आल्या की त्या देशाची हवा बदलते, म्हणून आमच्या ग्राहकांना हे आधी कळायला हवं असायचं.

मी तेव्हा तिशीची. कॉलेजातल्या एनसीसीच्या सुभेदाराखेरीज फौजेतला माणूस जवळून पाहिलेला नव्हता, पण सेनापतींवर माझं मत विचारा. कडक इस्त्रीची साडी नेसून, पेन्सिल केसात खोचून मी नव्या लोकांना ऐकवायचे की फोटोत चेहरा बघू नका, बूट बघा. बुटांची चकाकी गेली नसेल तर माणूस अजून फौजेतच आहे. त्या बाईला आज कुणी माझ्यासमोर आणलं तर मी तिच्या केसातली ती पेन्सिल आधी काढून घेईन.

एकदा एका देशाच्या सेनापतीबद्दल मी भलं मोठं टिपण लिहिलं. निवृत्तीआधीच्या मुलाखतीत तो आंब्याच्या बागेबद्दल फार मायेने बोलला होता. मी लिहिलं, वाटतं: हा गृहस्थ आता बागेत रमेल. खाली ठसठशीत सही. त्याच आठवड्यात तो गृहस्थ रणगाडे घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासात रमला. उस्ताद रागावले नाहीत. संध्याकाळी माझ्या टेबलावर एक आंबा ठेवून गेले, आणि दुसऱ्या दिवशी 'वाटतं' खाली पुन्हा माझंच नाव छापलं. आंबा मी खाल्ला. गोड निघाला, म्हणजे तेवढा अंदाज तरी बरोबर आला.

त्याच सुमाराची दुसरी फजिती. यजमानांच्या साहेबांच्या घरी, अल गराफाला, बायकांच्या बैठकीला मला बोलावणं होतं. तिथे गहवा आला. गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची, बिनसाखरेची, फिकट पिवळी कॉफी. कानाच्या पाळीएवढ्या बिनदांड्याच्या कपात, म्हणजे फिंजानात, देतात. माझ्यासारख्या आल्याचा उकळलेला चहा पिणाऱ्या बाईला त्याचा वासच औषधाचा वाटला. मी भरलेला फिंजान हळूच खाली ठेवला. सगळ्यांच्या नजरा त्या फिंजानवर गेल्या. यजमानीणबाई माझ्याजवळ सरकल्या आणि विचारू लागल्या, काय हवं ते सांग. मी म्हटलं, काही नको. त्यांना वाटलं, मागणं मोठं आहे, बाई लाजतेय. मग सासूबाई आल्या. मग आत्या आल्या. सगळ्यांचं एकच, माग, संकोच करू नकोस. घामाघूम होऊन मी अंगणात दिसलं ते बोट दाखवून मागितलं: मशमूम, म्हणजे इथला सब्जासारखा सुवासिक पाला. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीसमोर पिकअप उभी राहिली, कुंड्यांनी भरलेली.

नंतर ऑफिसात गहवा देणाऱ्या इद्रीसने, तो सुदानचा, मला रीत समजावली. गहवा पुरे झाला की रिकामा फिंजान मनगटाने हलवून परत द्यायचा. आणि भरलेला फिंजान न पिता खाली ठेवला, तर त्याचा अर्थ पाहुण्याचं काही मागणं आहे. ते कबूल होईपर्यंत तो पिणार नाही. ज्याच्या दारात फिंजान असा गार होतो त्याची शोभा जाते. आमच्या यजमानांनी घरी सगळं ऐकून घेतलं आणि कुंड्यांमधून वाट काढत म्हणाले, "माझी बढती मागायची होतीस." दोन उन्हाळे आमच्या घरात भाजी कमी आणि मशमूम जास्त होता.

हे सगळं सांगितलं कारण पुढे ते उपयोगी पडलं.

फुटबॉलच्या विश्वचषकाचं यजमानपद कतारला मिळालं आणि शहर उसवलं. रस्ता सकाळी एकीकडे असायचा आणि संध्याकाळी दुसरीकडे. उस्ताद तोवर बैरूतला परत गेले होते आणि वारलेही होते. आमचं ऑफिस मुशैरिबच्या नव्या चकचकीत वस्तीत हललं. जिथे मी ब्लाउजपीस घ्यायचे तिथे आता काचेची लिफ्ट होती. तयारीसाठी जी अनेक मंडळं निघाली त्यातल्या एकाचा माहिती कक्ष आमच्या कंपनीकडे आला. काम मुलकी: बाहेरचे पेपर काय म्हणतात, इथे आलेल्या कामगारांच्या गावांत काय बोललं जातं, गर्दी, वाहतूक, आजार. आणि कक्षाचे प्रमुख म्हणून आले अबू राशिद, फौजेतून नुकतेच निवृत्त झालेले ब्रिगेडियर.

माझ्या कपडेपटातला माणूस फोटोतून उठून समोर येऊन बसला. गणवेशाच्या जागी पांढरा झगा, पण झग्यालाही कडा अशा की कागद कापला जावा. मी आधी पायांकडे पाहिलं. चपला होत्या. चकाकत होत्या.

इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. ते राशिदचे वडील म्हणून अबू राशिद, मी केदारची आई म्हणून उम्म केदार. पहिल्याच सकाळी ते कक्षातल्या प्रत्येकाचं असं नाव पाठ करून आल्याचं दिसलं, शिपायांसकट. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलायचे नाहीत. फक्त टेबलं एका रेषेत आली, माझी मनीप्लँटची बाटली खिडकीतून हटली आणि खोकायचं असेल तर लोक बाहेर जाऊ लागले.

मग सारांशाकडे वळले. तीन शब्द बघून त्यांनी पेन काढलं आणि दोन खोडले. "उम्म केदार, मला जे कळलंय तेवढंच हवं. ऐकलेलं बाजारात मिळतं. वाटतं ते ज्याने त्याने घरी न्यावं."

मी भांडले. म्हटलं, फौजेत वरून खाली हुकूम जातो, इथे खालून वर बातमी येते. खालून येणारी गोष्ट कधीच धुतलेली, घडी घातलेली नसते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खलास." मी हरले. दुसऱ्या दिवसापासून सारांश अर्ध्या पानाचा झाला. वाचायला सुंदर. त्यात जगात सगळीकडे ठीक चाललं होतं.

आता ग्रेसी. ग्रेसी माझ्या शेजारच्या टेबलावर, मूळची वसईची. कोकणी, गुजराती आणि मराठीतले गावोगावचे छोटे पेपर तिच्याकडे. नवरा इथेच एका हॉस्पिटलात तंत्रज्ञ होता, तो वारला. त्यानंतर मुलीला घेऊन ती अल वक्राला एका खोलीत राहायची. मुलगी बारावीत. मुलीचा इथला व्हिसा आईच्या नोकरीवर. ग्रेसीची नोकरी गेली तर मुलीला ऐन बोर्डाच्या वर्षात शाळा सोडून जावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि ग्रेसीला झोपेतही माहीत असायचं. ऑफिसात ती कधी आवाज चढवून बोलली नाही. गहवासुद्धा आवडत नसूनही न कुरकुरता प्यायची, जे मला कधी जमलं नाही.

तळकोकणातल्या एका छोट्या पेपरात तिला चार ओळी सापडल्या. कुणी एक आई वार्ताहराला सांगत होती की कतारला गेलेला तिचा मुलगा आणि त्याच्या खोलीतले सगळे नव्या वसाहतीत राहायला गेल्यापासून पोटाने आजारी आहेत, टाकीचं पाणी बाधतंय. वसाहत अल वक्राच्या बाजूची. एकच तोंड, तेही समुद्रापलीकडचं. उस्तादांच्या काळात ही बातमी 'ऐकलं' ची टोपी घालून गेली असती, कुणीतरी सावकाश जाऊन चौकशी केली असती, संपलं असतं. आता ती टोपीच नव्हती. ग्रेसीने बातमी अबू राशिदांकडे पाठवली. ती खोडून परत आली.

मग ग्रेसीने जे केलं ते मला न सांगता केलं. तिने पाणी तपासणाऱ्या कचेरीत स्वतः फोन केला आणि माहिती कक्षातून बोलतेय असं सांगितलं. खोटं नव्हतं ते, पण त्या नावाला वजन होतं. तिकडच्या माणसाला वाटलं, वरून आदेश आहे. टाक्या रिकाम्या झाल्या, वसाहतीचं पाणी तोडलं गेलं, बाटल्यांचे ट्रक धावले, नमुने गेले. उन्हाळ्याचे दिवस. कामगार बिचारे अंघोळीवाचून राहिले.

पाणी स्वच्छ निघालं. त्या खोलीतली पोरं आजारी होती, पण कुणाच्या तरी दोस्ताने शुक्रवारी आणलेल्या मासळीने. अबू राशिदांना हे कुठे कळलं, तर मंडळाच्या बैठकीत, वरिष्ठांसमोर. तुमच्या कक्षाने हे काय केलं, असं विचारलं गेलं तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला काही नव्हतं, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. फौजी माणसाला याहून मोठा अपमान नसावा. संध्याकाळच्या आत आमच्या मॅनेजरना निरोप आला की ग्रेसी नको.

मी मॅनेजरकडे गेले. त्यांनी हात पसरले, ग्राहकाचा शब्द म्हणाले. महिनाअखेर हिशेब करून देऊ, शिफारसपत्र चांगलं देऊ. मी विचारलं, शिफारसपत्रावर मुलीला बारावीला बसवतात का. त्यांनी हात परत गोळा केले.

ग्रेसी टेबलाचे खण आवरत होती. रडत नव्हती. घाबरली की ती तिच्या घरच्या वसईकडच्या बोलीत जाते, त्यातलं मला निम्मं कळतं. पण हे सगळं कळलं. "मॅडम, रिपोर्ट आला ना, तेव्हा माझ्या मनात आलं, पाणी वाईट निघालं असतं तर बरं झालं असतं. असं मनात येणाऱ्या बाईने कुठल्या तोंडाने नोकरी मागायची?"

"तू मागू नकोस," मी म्हटलं. "मागायचं काम माझं. खण परत भर."

सकाळी मी अबू राशिदांच्या खोलीत गेले. भेटीची वेळ घेतली नव्हती. मनात ठरवून गेले होते की ग्रेसीला परत घेतल्याशिवाय या खोलीतून उठायचं नाही, मग माझीही नोकरी गेली तरी चालेल. माझं काय, मुलगा इथे कमावता होता आणि गुडघे नाहीतरी राजीनामा मागतच होते. ते उभे राहिले, बसा म्हणाले. इद्रीस दल्ला, म्हणजे चोचीची किटली, घेऊन आला. आधी मला ओतलं, मग त्यांना. मी फिंजान घेतला आणि टेबलावर ठेवला.

अबू राशिदांनी फिंजानकडे पाहिलं. मग माझ्याकडे. परदेशी बाई आहे, चुकून ठेवला असेल, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेला मला दिसला.

"गहवा गार होईल, उम्म केदार."

"होऊ द्या."

ते मागे टेकून बसले. ही रीत मला कुणी शिकवली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पिकअपभर मशमूमने. त्यांना कळलं नाही, आणि ते सांगत बसायची ती वेळ नव्हती.

"मागा," ते म्हणाले.

"ग्रेसी."

"ते सोडून मागा."

"ते सोडून मला काही नको."

मग ते बोलले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. तिने वरिष्ठाला ओलांडलं. कक्षाचं नाव वापरलं. शेकडो माणसांचं पाणी तोडायला लावलं. आणि एवढं करून बातमी खोटी.

"खोटी नाही, चुकीची," मी म्हटलं. "खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. तिला माहीत नव्हतं, म्हणून तर तिने विचारलं. आणि तुम्हाला ओलांडलं म्हणता, तर आधी ती तुमच्याकडेच आली होती. ऐकलेलं इथे ठेवायचं नाही असं तुम्ही सांगितलंत. कुठे ठेवायचं ते नाही सांगितलंत. तिने बाहेर नेऊन ठेवलं."

 इद्रीस दल्ला हातात घेऊन दाराशी तसाच उभा. जायला हवं होतं, गेला नाही.

मी त्यांना आंब्याची गोष्ट सांगितली. सेनापती, बाग, रणगाडे, सगळं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मी म्हटलं, त्या दिवशी उस्तादांनी मला काढलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून या कंपनीत कुणी 'वाटतं' लिहिलं नसतं. मग मी विचारलं, "तुम्ही सीमेवर होतात. पहाटेच्या अर्धवट उजेडात पहाऱ्यावरच्या जवानाने उंट बघितला, शत्रू समजून ओरडला, सगळी छावणी उठवली. अशा जवानाला तुम्ही घरी पाठवायचात?"

"नाही," ते म्हणाले. "झोपला असता तर पाठवला असता."

"मग काय करायचात?"

"हसायचो. सगळे हसायचे."

"आणि पुढच्या वेळी तो ओरडायचा?"

 खिडकीबाहेर क्रेन काहीतरी उचलून ठेवत होती, ते बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही हसलो नसतो, तर ओरडला असता."

त्या वाक्यामागे एक गोष्ट होती. मी विचारली नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

त्यांनी आपला फिंजान उचलला. मला वाटलं, पितील. त्यांनी तो माझ्या फिंजानशेजारी ठेवला, भरलेला. दाराशी इद्रीस काहीतरी पुटपुटला.

"आता माझंही मागणं आहे," अबू राशिद म्हणाले. "मला ओरडायची सवय आहे. मी ओरडलो की माणसं दुसऱ्या दिवशी बातमी आणत नाहीत, हे मला ठाऊक नाही असं समजू नका. फौजेत ते चालून जायचं, कारण तिथे बातमी आणणारे दुसरे असायचे. इथे तुम्हीच आहात. ग्रेसीने बाहेर फोन करायचा नाही. जे ऐकलं ते इथे येऊन, माझ्यासमोर उभं राहून सांगायचं. मी ओरडलो तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. तिनेही, तुम्हीही."

"उभं राहून नाही. बसून."

त्यांनी क्षणभर विचार केला. ब्रिगेडियरला एवढी माघारही सोपी नसते.

"बसून," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी एकदमच फिंजान उचलले. गार गहवा म्हणजे काढ्याची सावत्र बहीण. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

सारांशात तिन्ही शब्द परत आले. दुसऱ्या दिवशी ग्रेसीच्या हातात एक बारीकशी बातमी होती, कुठल्याशा विमानतळावरच्या गर्दीची, एकाच तोंडची. ती आत गेली, बसली, सांगितली. ते ओरडले, आम्हाला बाहेर ऐकू आलं. ती पांढरीफटक होऊन आली आणि पाणी प्यायली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्या दिवशी ते ओरडले नाहीत असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल, ओरडलेच. हळूहळू ग्रेसीला त्या ओरडण्याची सवय झाली आणि आम्हालाही. आपल्याकडे कुकरच्या शिट्टीची होते तशी. मुलगी बारावी झाली, पुढे इथेच नर्सिंगला गेली. मार्कांचा पेढा पहिला अबू राशिदांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो फौजी शिस्तीत, एका घासात संपवला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मधल्या त्या महिन्यांत, जेव्हा फक्त कळलेलंच चालायचं, तेव्हा किती ऐकलेलं कागदावर आलंच नाही, ते आता कुणालाच समजणार नाही. ग्रेसीच्या बातमीचा गाजावाजा झाला म्हणून ती लक्षात राहिली. दुसऱ्या कुठल्या आईच्या चार ओळी मी स्वतः वाचून बाजूला ठेवल्या असतील, आणि तिथलं पाणी खरंच वाईट असेल. माझ्या धंद्यात खात्रीने सांगता येत नाही अशा गोष्टींना मी 'वाटतं' म्हणते. हे मला वाटतं, आणि खाली माझं नाव आहे.

कपडेपटात मी इतकी वर्षं काढली, पण सेनापती मुलकी खुर्चीत का अडखळतो हे मला अबू राशिदांच्या खोलीत समजलं. त्याला धाडस शिकवावं लागत नाही. त्याला समोरच्या माणसाचं 'मला नक्की माहीत नाही' हे वाक्य शेवटपर्यंत ऐकायला शिकवावं लागतं. आणि तो जितका वर चढतो तितकं ते वाक्य त्याच्यापर्यंत कमी पोचतं. बूट बघायची काही गरज नव्हती. त्याच्या टेबलासमोर बसायला खुर्ची आहे का, ते बघायचं होतं.

स्पर्धा जवळ आली तेव्हा अबू राशिदांना एका मोठ्या मंडळावर घेतलं, जिथून देशाचे निर्णय होतात. टीव्हीवर ते काळा, सोनेरी काठाचा बिश्त, म्हणजे मानाचा अंगरखा, पांघरून दिसले. माझा शेवटचा महिना चालू होता. माझं टेबल ग्रेसीकडे गेलं होतं आणि मी निरोपाची माणसं करतात तसं इकडेतिकडे बसून नको असलेले सल्ले देत होते.

त्यांच्या जागी नवे साहेब आले. कर्नल, नुकतेच निवृत्त. अबू राशिदांपेक्षा तरुण, झग्याला तशाच कडा. पहिल्या सकाळी त्यांनी ग्रेसीला बोलावलं आणि जुनं माणूस म्हणून मलाही. हातात सारांश होता. हे तीन तीन शब्द कशाला, असं त्यांनी विचारलं. त्यांना फक्त कळलेलं हवं होतं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. टेबल माझं नव्हतं.

इद्रीस आला. त्याच्या केसांत आता काळं काही उरलं नव्हतं. त्याने आधी ग्रेसीला ओतलं, मग मला. ग्रेसीने फिंजान घेतला, क्षणभर दोन्ही हातांत धरला.  मग तिने तो कर्नलसाहेबांच्या टेबलावर, अगदी मधोमध ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, या बाईला रीत माहीत आहे की नाही अशा नजरेने.

मी माझा गहवा प्यायले, कडू होता तसाच, आणि रिकामा फिंजान मनगटाने हलवून इद्रीसच्या हातात दिला. मला काही मागायचं नव्हतं.